उताराची वीज

नव्या गाडीभोवती आपल्याकडचा माणूस आधी एक पूर्ण फेरी मारतो. बुटाचं टोक टायरला लावून बघतो, दार उघडून पुन्हा लावतो आणि त्या आवाजावरून पत्र्याची जाडी ठरवतो. मग विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" किंमत नंतर. रंगाचं तर कुणाला पडलेलंच नसतं. गाडी जुनी लूना असो की तीस लाखांची, पहिला प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा चेहरा असा, की या उत्तरावर आता त्याचं आपल्याविषयीचं मत ठरणार आहे.

मी सांगते, "गावात सोळा-सतरा. हायवेला पाय हलका ठेवला तर अठरा, कधी एकोणीस."

तो पुन्हा गाडीच्या लांबीकडे बघतो. पावणेपाच मीटर लांब, तीन ओळी, सात माणसं, ऑटोमॅटिक, आणि वर डिझेल नव्हे, पेट्रोल. हिशेब जुळत नाही. "हायब्रीड आहे," मी म्हणते. "अच्छा, म्हणजे चार्जिंग करावं लागतं." "नाही हो, प्लगच नाही हिला." मग मात्र तो थबकतो आणि विचारण्यासारखा प्रश्न विचारतो, "मग वीज येते कुठून?"

ब्रेकमधून येते, उतारावरून येते, असं म्हटलं की माणसं हसतात. थट्टा चाललीय असं त्यांना वाटतं.

माझे बाबा कात्रजचा जुना बोगदा ओलांडला की चेतकचं इंजिन बंद करत. साताऱ्याहून पुण्याला येताना बोगद्यापर्यंत चढ, पुढे थेट शहरापर्यंत उतार. त्या उतारावर पेट्रोल जाळणं म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ उधळपट्टी. पुढे मी उभी, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. बाबांनी हँडलवरचं बटण दाबलं की फटफट थांबायची आणि एकदम वारा ऐकू यायचा. टायरची रस्त्यावरची सळसळ, झाडीतला एखादा पक्षी, आईच्या बांगड्या. इंजिन चालू असताना हे सगळं कुठे असायचं कोण जाणे. ब्रेक शक्यतो लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मिळालेला वेग फुकट घालवायचा नाही. वळणावर लावावाच लागला तर कपाळाला आठी. खाली सपाटीला वेग सरत आला की स्कूटर गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचे, एक हिसका बसायचा आणि पुन्हा फटफट सुरू. आज कुणी चौघांना घेऊन असा बंद इंजिनाने घाट उतरताना दिसला तर मी त्याला थांबवून चार शब्द सुनावीन. पण ती शांतता मला अजून आवडते, हे कबूल केलंच पाहिजे. नव्या गाडीचं इंजिन सिग्नलजवळ येता येता आपणहून बंद होतं आणि लक्ष्मी रोडवरचा फुलवाल्याचा आवाज आत येतो, तेव्हा आपल्या शेजारी बाबा बसलेत आणि समाधानाने मान हलवताहेत, असं वाटतं.

उताराचा उपयोग बाबांना माहीत होता. उतार साठवता येतो, हे माहीत नव्हतं. ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग जातो कुठे? घासण्याने त्याची उष्णता होते आणि ती हवेत जाते, परत येत नाही. घाट उतरून स्टँडवर आलेल्या एसटीच्या चाकांना एक जळका वास येतो ना, तो वाया गेलेल्या घाटाचा वास असतो. हायब्रीड गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की काम उलटं सुरू होतं. एरवी मोटर चाकं फिरवते, आता चाकं मोटर फिरवू लागतात, आणि फिरवली गेलेली मोटर वीज करते. ती वीज करण्याचा भार चाकांवर पडतो म्हणून गाडी हळू होते. लहानपणी सायकलच्या चाकाला डायनॅमो टेकवला की दिवा लागायचा आणि पेडल जड व्हायचं, तेच हे. फक्त इथे जडपणाच आपल्याला हवा असतो.

टोयोटाने ही युक्ती घाऊक विकायच्या गाडीत बसवली, त्या कामाचे मुख्य अभियंते होते ताकेशी उचियामादा. एकविसाव्या शतकाची गाडी करा आणि ती निम्म्या इंधनात चालली पाहिजे, अशी वरून आज्ञा. १९९५च्या अखेरीस पहिली चाचणी-गाडी उभी राहिली आणि ४९ दिवस उभीच राहिली. हलेचना. मला यशाच्या सगळ्या कहाण्यांपेक्षा ते ४९ दिवस जास्त आवडतात. रोज सकाळी यायचं आणि न हलणाऱ्या गाडीभोवती दिवस काढायचा. नव्या गोष्टीला आधी असा धीर लागतो. डिसेंबर १९९७मध्ये ती प्रियस या नावाने जपानच्या रस्त्यावर आली.

त्याच साली टोयोटाने किर्लोस्करांशी भागीदारी केली आणि बंगळूरजवळ बिडदीला कारखाना आला. किर्लोस्कर म्हटलं की माझ्या माहेरी कपाटातले ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’चे जुने अंक, आजोबांच्या लेखी मात्र लोखंडी नांगर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणरावांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर या कंपनीचे उपाध्यक्ष होते. इनोव्हा हायक्रॉसचं अनावरण २५ नोव्हेंबर २०२२ला झालं आणि चारच दिवसांनी ते गेले. ती बातमी वाचली तेव्हा या गाडीशी आपला काही संबंध येईल, असं ध्यानीमनी नव्हतं.

आमच्याकडे गाडी घ्यायची निघाली तेव्हा घरात माणसं दोन आणि मतं पाच. नवऱ्याचा जीव सफारीवर. पिंपरीत ज्यांच्याबरोबर उमेदवारी केली त्यातले निम्मे तिथेच निवृत्त झालेले, त्यामुळे ती त्याला घरचीच वाटते. चिपळूणचे भाऊजी म्हणाले, घाटाला डिझेलशिवाय बोलायचं नाही. मुंबईच्या जाऊबाई म्हणाल्या, आता इलेक्ट्रिकच घ्या, बाकी सगळं जुनं झालं. इलेक्ट्रिकचा विचार आम्ही मनापासून केला, पण सोसायटीत पार्किंगला चार्जरची लाइन ओढायला परवानगी मिळवणं हे कुंभार्ली घाटापेक्षा अवघड निघालं. आणि बंगळूरहून मुलगा व्हिडिओवर म्हणाला, "आई, तुम्ही दोघंच तर असता. सात सीट कशाला?"

या प्रश्नाला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "तू गप्प बस, तुला सहावी सीट देणारे."

शोरूममध्ये गेले की मी आधी मागच्या ओळीत जाऊन बसायची. तिथला मुलगा गोंधळून म्हणायचा, "मॅडम, पुढे बसून बघा ना, व्हेंटिलेटेड सीट आहे." पण पुढची सीट सगळ्याच गाड्यांत चांगली असते, गाडीचं मन मागच्या ओळीत कळतं. तिथे बसल्यावर गुडघे कुठे येतात? मांडी सीटवर टेकते की अधांतरी राहते? एसीचा झोत येतो का, काच डोळ्यांच्या पातळीला आहे की छातीच्या? आणि उतरायचं झालं तर मधल्या ओळीतल्या किती जणांची विनवणी करावी लागते? बऱ्याच एसयूव्हींत मागे बसलं की गुडघे हनुवटीशी येतात, कारण तिथला तळ उंच असतो. खाली चॅसी असते, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा असतो, ते सगळं सांभाळून उरलेल्या जागेत तिसरी ओळ बसवलेली असते. हायक्रॉसमध्ये पुढची चाकं गाडी ओढतात, तो लांब दांडाच नाही, वेगळी चॅसीही नाही. म्हणून तळ खाली आणि पाय सुटे. पुढून बॉनेट उंच, कडा ठसठशीत, त्यामुळे दिसते एसयूव्ही. स्वभाव माणसं वाहण्याचा आहे. जाणकार तिला एसयूव्ही म्हणायला तयार नसतात. न का म्हणेनात.

ओळखीचे एक टूर्सवाले ड्रायव्हर काका आहेत, डिझेल इनोव्हावर त्यांची हयात गेली. त्यांनी चारी बाजूंनी बघितली आणि नापसंत केली. "ताई, घाटात मागून ढकलणारी गाडी पाहिजे. भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी पडतात." शंभर टक्के खरं. गावच्या घराकडे वळणारा शेवटचा लाल मातीचा चढ पावसात ओला असला आणि सातही जण आत असले की मी आधी चौघांना उतरवते. चालायला बरं असतं त्यांनाही.

शेवटी हीच घेतली. टॉपच्या मॉडेलांची बुकिंग कंपनीनेच काही काळ थांबवली होती, बाकीच्यांना लांबलचक वेटिंग. त्या काळात शोरूमवाल्यांनी दाखवलेल्या आशा आणि सांगितलेल्या तारखा यांच्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. ज्याने गाडी बुक केली आहे त्याला ते माहीत आहे. पासिंग, पूजा, चाकाखाली लिंबू, पेढे. गाडी दसऱ्याला यायची ती दसरा टळून आली आणि सासूबाईंनी कॅलेंडरात दुसरा चांगला दिवस शोधून काढला. कॅलेंडरात तो असतोच.

आता काटकसरीचा हिशेब. हायब्रीडचा कंपनीने दिलेला आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर, हिच्याच साध्या पेट्रोल बहिणीचा १६.१३. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर वाचतं सव्वादोनशे लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे सुमारे २४,००० रुपये. आणि दोघींच्या किमतीतला फरक पाच लाख धरला, तर तो वसूल व्हायला वीस वर्षं लागतात. शहरात साधं पेट्रोल फार कमी अ‍ॅव्हरेज देतं, तिथे फरक वाढतो आणि वर्षं घटतात, तरी दहाच्या आत यायची नाहीत. त्यात सरकारचा हातभार. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि असल्या हायब्रीडवर सेससकट ४३. सप्टेंबर २०२५पासून ते ४० झाले. सरकारच्या लेखी ही मोठी पेट्रोल गाडी, बाकी काही नाही.

म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी आम्ही जे पैसे मोजले, त्यात वीस वर्षांत वाचणारं पेट्रोल आलं असतं. बाबांना हा हिशेब दाखवला असता तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नुसतं बघितलं असतं. पण मला वाटतं, आपल्या मध्यमवर्गाला काटकसर पैशासाठी लागतच नाही आता. ती परवानगी म्हणून लागते. एवढी मोठी गाडी, एवढ्या रिकाम्या सीटा, भाजीला जाताना मागे पाच जणांची जागा मोकळी. या सगळ्याचा सल कुठेतरी असतो. मग डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो, इंजिन बंद पडतं, गाडी विजेवर गल्लीत शिरते आणि आपण मनाला सांगतो, बघ, थेंबभर जळलं नाही. नवरा तर गाडी लावली की खाली उतरण्याआधी त्या फेरीचा आकडा मोठ्याने वाचतो. चांगला आला तर दोनदा.

तरीही हे यंत्र मला मोहात पाडतं. हिच्यात नेहमीचे गिअर नाहीतच. दातेरी चाकांचा एक संच आहे: मध्ये एक चाक, त्याला सूर्य म्हणतात, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, ते ग्रह, आणि सगळ्यांना बाहेरून वेढणारं कडं. इंजिन ग्रहांना फिरवतं. एक मोटर सूर्याला धरून असते. दुसरी मोठी मोटर आणि रस्त्यावरची चाकं कड्याच्या बाजूला. कुणी किती फिरायचं, हे क्षणाक्षणाला आपसात ठरतं. एकाने वेग घेतला की दुसरा सोडतो आणि गाडी हिसका न देता चालत राहते. दोन लिटरचं इंजिन आणि मोटर मिळून १८६ पीएस ताकद होते, पण ती कुणाची किती हे पाठीला कळत नाही. चढाला पाय दाबला तर आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. अशा रचनेत ते व्हायचंच, कारण इंजिन चाकांच्या वेगाला बांधलेलं नसतं. गाडी घेताना मुहूर्त बघणाऱ्या आम्हाला तिच्या पोटात सूर्य आणि ग्रह सापडावेत, याची मला गंमत वाटते. वक्री होण्याची सोय त्यांनाही आहे. मागे जाताना कड्याकडची मोठी मोटर उलट फिरते.

आमचं गाव गुहागरच्या वाटेवर. सासूबाई, म्हणजे आई, वर्षातला निम्मा काळ तिथे असतात, निम्मा पुण्यात. गणपतीला सगळे जमतात. पुण्याहून निघायचं, उंब्रजला हायवे सोडायचा, मल्हारपेठ, पाटण करत हेळवाकला यायचं, उजवीकडे कोयनानगरचा फाटा सोडून पुढे घाटमाथा. तिथे धुकं असतं, नसलं तर पाऊस असतो, आणि दोन्ही नसलं तर आपण चुकीच्या महिन्यात आलेले असतो. कुंभार्ली घाट उतरायला लागलं की पडद्यावर बाणांची दिशा बदलते. चाकांकडून बॅटरीकडे. मधल्या सीटवरून आई विचारतात, "आता वीज आत चाललीय की बाहेर?" "आत, आई." "बरं." त्यांना त्या बाणांचा नाद लागलाय. बाण उलट फिरला, की काहीतरी खर्च झाल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

याच डोंगराच्या पोटात, आमच्या वाटेपासून फार लांब नाही, कोयनेचं पाणी खाली पडत असतं. कोयना खरी पूर्वेची नदी. कराडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. तिला हेळवाकपाशी बांध घातला, शिवसागर भरला आणि डोंगरातून बोगदे काढून ते पाणी पश्चिमेला कोकणात सोडलं. पावणेपाचशे मीटरच्या आसपासचा तो धबधबा बाहेर कुणाला दिसत नाही; पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात तो चक्रं फिरवतो. तिथून निघालेलं पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवतात, पुन्हा पाडतात, पुन्हा वीज घेतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. सगळा प्रकल्प मिळून १,९६० मेगावॉट. त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं उठून लांब लांब जाऊन बसली. आईंच्या माहेरच्या नात्यातलं एक घर असंच कोयनेकाठचं उठलं. म्हणून पोफळीच्या बाजूचे तारांचे मनोरे दिसले की त्या हात जोडत नाहीत, आणि नजरही फिरवत नाहीत.

ते पाणी जेवढं उतरतं, साधारण तेवढंच आम्ही उतरतो. मी एकदा घाटातल्या टपरीवर चहा पिता पिता हिशेब केला. गाडी, माणसं, सामान मिळून २,१०० किलो. ४७५ मीटर खाली यायचं. उत्तर आलं पावणेतीन युनिट. घरच्या बिलाच्या भावाने पंचवीस-तीस रुपयांची वीज. एवढा सह्याद्री उतरून! त्यातलीही बरीच वाऱ्यात आणि टायरांच्या घर्षणात जाते. आणि उरलेली तरी कुठे ठेवायची? हिची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीसारखी मोठी नसते, तिची सगळी क्षमताच दीड युनिटाच्या आसपास. त्यात ती टिकावी म्हणून गाडी तिला पूर्ण भरू देत नाही, पूर्ण रिकामी होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते. या जपणुकीवरच कंपनी बॅटरीची आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. त्यामुळे थोडी वळणं उतरलो नाही तोच बॅटरीच्या पट्ट्या काठोकाठ भरतात. घाट मात्र अर्ध्याहून अधिक शिल्लक असतो.

पुढचा घाट फुकट जातो. म्हणजे अगदी फुकट नाही. गाडी मग पेट्रोल न देता इंजिनच फिरवू लागते, तेवढाच रोध. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना इंजिन घुमू लागतं. आई म्हणतात, "उतारावर हिला एवढी धाप का लागली गं?" मी सांगते, पोट भरलंय तिचं. खाली पोफळीच्या सपाटीला आलो की तेवढ्या विजेवर गाडी काही अंतर निमूट चालते, शिरगावकडे जाताना दोन्ही बाजूंची भातखाचरं हिरवीगार, काच खाली केली की चिखलाचा आणि पावसाचा वास. कात्रजच्या उतारावरची ती शांतता इथे मला पुन्हा मिळते, आणि ती संपली की हिसका बसत नाही, एवढाच फरक.

मागच्या ओळीत कोण बसतं, याला आमच्या घरात घटना आहे. लिहिलेली नाही, पण दुरुस्त्या भरपूर झाल्यात. लग्नाच्या वऱ्हाडात मॅटॅडोर असायची तेव्हा मागे पोरं आणि पातेली. नंतर भाऊजींनी भाड्याने आणलेली सुमो. तिच्यात मागच्या बाकांवर समोरासमोर तोंड करून बसायचं, गुडघ्यात गुडघे अडकवून. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावं, हे शास्त्र. पण पुढे थोरांचा मान, म्हणून ज्यांना गाडी लागायची ती पोरं नेमकी मागे. मागची ओळ चाकांच्याही मागे येते, तिथे प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळण वाढून मिळतं. आवळासुपारी, लिंबाची फोड, पोटाशी वर्तमानपत्राची घडी, खिडकीबाहेर लांब बघ, बोलू नको, गाणं म्हण. परस्परविरोधी सगळे उपाय एकाच वेळी. पाटणच्या पुढे कुणीतरी हमखास थांबवायचंच.

जाऊबाईंच्या धाकट्या लेकीला अजूनही लागते. तिच्यासाठी मी पाय बदलला. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर ही गाडी पटकन आवळते आणि मागच्याच्या पोटात कालवतं. हळूहळू सोडला तर वळण नुसतं वाहून जातं. हायब्रीड चालवणं म्हणजे पाय उचलायला शिकणं. दाबायला सगळ्यांनाच येतं.

सात माणसं आणि त्यांच्या सात बॅगा एकदम जात नाहीत, हे मात्र कुठलाच विक्रेता आपणहून सांगत नाही. तिन्ही ओळी वापरात असल्या की मागे डिकीला जागा उरते ३०० लिटर. मखराची कापडं, मोदकपात्र, सगळ्यांच्या बॅगा आणि आईंची औषधांची पिशवी यांत ती संपते. मागची ओळ पाडली तर ९९१ लिटर, पण मग माणसं कुठे? आम्ही पुतण्याला सामानासकट वेगळं पाठवतो. परतताना नारळ, तांदूळ, कुळीथ, फणसपोळ्या, आणि मागच्या ओळीतल्यांच्या पायाखाली कोकमाची बरणी. "सांडली तर बघा," असं म्हणत आई पुण्यापर्यंत येतात.

एरवी ही ओळ पाडलेलीच असते. तिच्यावर छत्री, भाजीच्या कापडी पिशव्या, आणि इस्त्रीला द्यायचा कपड्यांचा गठ्ठा. मुलगी परदेशातून दोन वर्षांनी येते, मुलगा दिवाळीला, भाऊजींचं कुटुंब गणपतीला. सगळे एका वेळी आत बसले, असे दिवस मोजायला बोटं पुरतात. त्याच दिवसांसाठी ही गाडी घेतली, बाकीच्या दिवसांत आम्ही ती फिरवून ठेवतो. सतरा पाहुण्यांसाठी घेतलेलं पातेलं माळ्यावर ठेवून आपण रोज दोघांपुरता भात लावतोच, त्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

परवा पुतण्याचा फोन आला. पस्तिशी उलटली त्याची, लेक शाळेत जायला लागली, पहिली मोठी गाडी घ्यायची म्हणतोय.

"काकू, हायब्रीड घेऊ की इलेक्ट्रिक?"

मी विचारलं, रोजचं जाणंयेणं किती, घरी चार्जर लावता येतो का, गावाला वर्षातून किती वेळा जातोस. म्हटलं, गावात रोज तीस-चाळीस किलोमीटर आणि स्वतःचं पार्किंग असेल तर डोळे झाकून इलेक्ट्रिक घे. सिग्नल, घाट आणि लांबचा पल्ला असं सगळं मिसळलेलं असेल तर हायब्रीड. नुसता एक्स्प्रेसवेच असेल तर दोन्हीची घाई नको. एकसारख्या वेगात ब्रेक लागतच नाही, मग परत मिळायचं काय?

"आणि तीन ओळींची घेऊ का?"

"घरात किती जण तुम्ही?"

"तिघं. आईबाबा आले तर पाच."

"मग छोटी घे. गणपतीला आमची घेऊन जा, तू चालव."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही बसू की मागे. कोकमाची बरणी तेवढी पुढे घ्या."

"तुम्हाला लागते ना गाडी, काकू?"

"लागते तर. म्हणून सांगते, पाय हळू उचलायचा."